सातवा रकाना

११ फेब्रुवारी, रविवार

लेकीने ही वही पाठवली. आत चिठ्ठी: "आई, लोकांना जे बोलतेस ते आधी इथे लिहीत जा, निम्मी भांडणं कमी होतील." घ्या! पोटची पोर आणि आईला शिकवते. पण कागद चांगला आहे, वाया कशाला घालवायचा. नावं मात्र कोणाचीच लिहायची नाहीत असं ठरवलंय. एकतीस वर्षं इस्पितळाच्या नोंदणी खिडकीत बसून जगाची नावं लिहिली, घरी तरी सुट्टी.

बातमी अशी की उद्यापासून माझी बदली चौदा नंबरला. म्हणजे कॉरिडॉरच्या पार टोकाची खोली, डोळ्यांच्या विभागाच्याही पलीकडे. तिथे मनाच्या आजारांचा दवाखाना चालतो, मंगळवारी आणि शुक्रवारी. चालतो कसला, रखडतो. मोठे साहेब म्हणाले, "बाई, मे महिन्यात मंडळाची बैठक आहे. रजिस्टरवर दिवसाला तीन पेशंट दिसतात. असंच राहिलं तर निधी बंद, डॉक्टर बंद, आणि त्या खोलीत एक्स-रेचं नवीन मशीन. तुम्ही जरा शिस्त लावा." निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलंय आणि मला वेड्यांच्या दारात नेऊन बसवलं. पण माझ्या खिडकीला कुलूप लागलं असं आजवर झालेलं नाही आणि होऊ देणार नाही.

आणखी एक. आज सकाळी ह्यांनी नळाचा दाब मोजला नाही. चौतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपघरात काढली, निवृत्त झाले तरी खोड जाईना. स्वयंपाकघरातल्या नळाला स्वतःचा दाबमापक बसवून घेतला. रोज सकाळी सहाला काटा बघायचा, वहीत आकडा लिहायचा आणि मी चहा गाळत असताना वाचून दाखवायचा. "आज जरा कमी आहे हं." जशी काही मीच जाऊन पंप सुरू करणार आहे! आज वही उघडलीच नाही. विचारलं तर म्हणाले, "काय करायचंय मोजून?" सुटले बाई एकदाची!

१३ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरीण म्हणजे एवढीशी पोर. बोलते इतकं हळू की मी मनात तिचं नाव चिमणी ठेवलंय. आणि कारभार? आनंदीआनंद. आज माझ्या डोळ्यांसमोर सात जण आत गेले, कागद निघाले दोघांचे. बाकीचे म्हणे "सहज भेटायला" आले होते. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं!

मी चिमणीला स्पष्ट सांगितलं. केसपेपरला सात रकाने आहेत: नाव, वय, पत्ता, कामधंदा, तक्रार, आधीचे उपचार आणि सातवा, कधीपासून. सातही भरल्याशिवाय माझ्या खिडकीवरून माणूस पुढे सरकत नाही. "आज एवढं चालवून घ्या" म्हणणारे हजार पाहिलेत. तुम्ही फुकट तपासत बसलात तर मंडळाला आकडा कुठून दिसणार?

तिचं म्हणणं, नाव लिहायला लागलं तर लोक यायचेच नाहीत. मी म्हटलं, मूळव्याधीचे येतात, नाव लिहून येतात. ह्यांना काय झालंय?

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

शिस्त लागली. कागद नाही तर डॉक्टर नाही. आज चार जण, चारही रजिस्टरवर.

एक जरा घोळ झाला. निळी पिशवी घेतलेली एक बाई, शाळेत शिकवते, पन्नाशीची असेल. कागद भरला आणि जाऊन लांब जिन्यापाशी उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा मी हाक मारली, नेहमीसारखी. पूर्ण नाव आणि "मनोविकार, चौदा नंबर!" माझा आवाज खणखणीत आहे, सगळं इस्पितळ जाणतं. जिन्यावरून एक मुलगा आईसोबत उतरत होता, तो थबकून म्हणाला, "आई, आमच्या बाई!" बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही मी तिच्या थोबाडीतच मारली. पिशवी उचलली आणि निघून गेली. कागद माझ्याकडेच राहिला.

आता पाळी आली तर हाक मारायची नाही तर काय चिठ्ठी पाठवायची?

२७ फेब्रुवारी, मंगळवार

एकही नाही. पाच तास मी आणि समोरची भिंत.

दुपारी चिमणी बाहेर येऊन माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "त्या शाळेच्या बाई चार महिने या इमारतीच्या फाटकापर्यंत येऊन परत जात होत्या. मला फोनवर सांगितलं होतं त्यांनी. शुक्रवारी पहिल्यांदा आत आल्या." रागावली असती तर मी दोन शब्द जास्त ऐकवले असते. ती रागावलीच नाही. पुढे म्हणाली, इथून दुसरा असा दवाखाना बसने सात तासांवर आहे आणि तिथे पाळी यायला तीन महिने लागतात.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, माझं काय चुकलं? हे खिडकीतून बाहेर बघत होते. तसेच बाहेर बघत म्हणाले, "चार महिने म्हणजे पुष्कळ झाले गं." एवढंच. हल्ली ह्यांच्याशी बोलणं म्हणजे विहिरीत बादली सोडावी आणि दोर संपावा. दाढी पण चार दिवसांची. निवृत्त माणसं अशीच आळशी होतात, घरोघरी मातीच्या चुली.

५ मार्च, मंगळवार

डोकं असावं तर असं! स्वतःचंच कौतुक आहे, पण वही माझी आहे.

चौदा नंबरच्या बाहेरच्या बाकावर कोणी बसत नाही, कारण त्या बाकावर बसलं की कशासाठी ते जगजाहीर. पण शेजारी डोळ्यांच्या विभागाचे तीन लांब बाक आहेत, कायम भरलेले. आणि तिथे बसलेल्यांच्या डोळ्यांत थेंब घातलेले असतात! बाहुल्या मोठ्या होईपर्यंत तासभर बसायचं, आणि त्या तासात त्यांना शेजारी नवरा बसलाय की नवरी तेही दिसत नाही. मग आमच्या माणसांना तिथेच बसवलं तर? हाक नाही, नाव नाही. हातात पिवळं कार्ड, त्यावर नंबर. खिडकीच्या कडेला मी तो नंबर लावला की उठायचं आणि आत जायचं. नाव असलेला कागद कपाटात, किल्ली चिमणीकडे. मंडळासाठी रजिस्टरमध्ये फक्त नंबर.

डोळ्यांचे डॉक्टर कुरकुरले. त्यांच्याच चष्म्याच्या काचा तळव्याएवढ्या जाड, दिव्याखाली अंधार. मी म्हटलं, तुमच्या बाकाचं भाडं सांगा. बाक मिळाले.

शाळेच्या बाईंना चिमणीकडून निरोप पाठवला. आणि माफी मागितली म्हणून सांगा असंही म्हटलं. हे म्हणायला मला सकाळपासून दुपार झाली.

१७ मार्च, रविवार

घर आवरलं जातंय, आणि आवरतंय कोण? हे! सूर्य कुठे उगवला पाहायला हवा.

झोप तशीही येत नाही म्हणतात, पहाटे तीन-चारला उठून बसतात. मग बसल्या बसल्या कपाट काढलं. नळाचा दाबमापक काढून खालच्या प्लंबरला देऊन टाकला. पान्यांचा संच, ज्याला मला हात लावू देत नव्हते, तोही त्यालाच. प्लंबर वर येऊन मला विचारून गेला, "काकू, काका खरंच देतायत ना? नंतर मागणार नाहीत?" मी म्हटलं, घेऊन जा बाबा, माझा कप्पा मोकळा होतोय. दाबाच्या नोंदींच्या सगळ्या वह्याही रद्दीत. त्या तर मीच खाली नेऊन दिल्या, दोन पिशव्या भरल्या.

जेवण मात्र अर्धं टाकतात. मी विचारलं, माझ्या हाताची चव गेली का? तर म्हणाले, "तुझी नाही गं." काय पण उत्तर!

२९ मार्च, शुक्रवार

आज अठरा. अठरा! चिमणीला जेवायला वेळ मिळाला नाही, माझाच डबा तिला अर्धा दिला. बाकावर एक बेकरीवाला, एक बस चालवणारी, एक कॉलेजातला मुलगा, एक गलेलठ्ठ वकील. डोळ्यांच्या थेंबवाल्या आजीबाई वकिलाला म्हणाल्या, "बाळ, तुझाही मोतीबिंदू का रे?" तो म्हणाला, "हो आजी, जुना आहे." मला हसू आवरेना.

आणि निळी पिशवी आली. मी खिडकीतून बाहेर येऊन कार्ड हातात दिलं. बोलायचं खूप ठरवलं होतं, एवढंच बोलले, "बसा, पाणी हवं का?" ती म्हणाली, "द्या." माझं मन भरून आलं.

चिमणीला आता एक पत्रक छापायचंय, घरातल्या माणसाने काय ओळखावं याचं. टाइप मी करणार.

७ एप्रिल, रविवार

आज किती दिवसांनी बरं वाटलं. हे न्हाव्याकडे जाऊन आले, इस्त्रीचा सदरा घातला, चेहरा अगदी निवळलेला. संध्याकाळी मला हाताला धरून घरभर फिरवलं. फ्यूज कुठला, गॅसचा रेग्युलेटर कसा बसवायचा, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे. व्हॉल्व्हवर तर चिठ्ठी चिकटवली, त्यांच्या त्या टपोऱ्या अक्षरात: "उजवीकडे फिरवला की बंद." विम्याची, पेन्शनची, घराची कागदपत्रं तीन फायलींत, पाठीवर नावं. लेकीला फोन करून अर्धा तास गप्पा मारल्या, एरवी दोन मिनिटांत "आईला देतो" म्हणतात.

मी म्हटलं, एकतीस वर्षं सांगतेय, घरात लक्ष घाला. देर आए पण दुरुस्त आए. हे हसले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. आता या वयात!

१२ एप्रिल, शुक्रवार

पत्रकाचा तिसरा खर्डा. चिमणीला प्रत्येक वाक्य चार वेळा बदलायची हौस. मी म्हटलं, बाई गं, ओळ लांब झाली की पान दोनवर जातं, कागद दुप्पट लागतो. "एकाएकी शांत, मोकळं दिसणे" यातलं "मोकळं" काढा, एका ओळीत बसतं. नाही म्हणाली. ते राहू दे म्हणाली. हट्टी आहे. समास कमी करून बसवलं.

२१ एप्रिल, रविवार

दोन दिवस लिहू शकले नाही. आज क्रमाने लिहिते, नाहीतर डोक्यात गुंता होतो.

शुक्रवारी सकाळी चिमणी छापून आलेलं पत्रक घेऊन आली. म्हणाली, "बाई, खिडकीत उभ्या राहून मोठ्याने वाचून दाखवाल? बाकावरच्या लोकांना ऐकून कळतंय का बघू. त्यांना तसंही आत्ता वाचता येत नाही." माझ्या आवाजाचं पहिल्यांदाच कोणाला काम पडलं. मी उभी राहिले आणि सुरू केलं. झोप उडणे, पहाटे फार लवकर जाग येणे. जेवण कमी होणे. रोजची आवडीची गोष्ट सोडून देणे. दाढी, अंघोळ, कपडे यांत मन न लागणे. जपलेल्या वस्तू दुसऱ्यांना देऊन टाकणे. आपल्यामागे कोणाचं अडू नये अशी व्यवस्था लावणे. आणि बऱ्याच दिवसांनी एकाएकी शांत, मोकळं

तिथेच थांबले. बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "पुढे वाचा की." मला पुढची ओळ दिसतच नव्हती. माझ्या डोळ्यांत काही कोणी थेंब घातले नव्हते.

तीन वेळा टाइप केलं होतं मी ते. तीन वेळा! समास मोजला, ओळी मोजल्या.

घरी फोन लावला. वाजत राहिला. चिमणीला काय बोलले आठवत नाही, तिनेच माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "सरळ विचारा. जीव द्यायचा विचार येतो का, याच शब्दांत विचारा. विचारल्याने विचार येत नसतो. मी इथेच आहे, रात्र झाली तरी." मी खिडकी उघडी टाकली, किल्ल्या टेबलावर, पर्स तिथेच. एकतीस वर्षांत रजेचा अर्ज न देता गेले नव्हते. बसची वाट बघायचा धीर झाला नाही. गुडघे दुखतात, तरी पळाले. रस्त्यात एकजण म्हणाला, "आजी, हळू." त्याला काय सांगणार?

हे स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते. समोर कागद, हातात पेन. फोन का नाही घेतला म्हटलं तर म्हणाले, "तुझा असेल असं वाटलं नाही. तू कामावरून कधी करतेस?" मी दारातच उभी राहून विचारलं. चिमणीने सांगितलेल्याच शब्दांत. माझा आवाज एवढा लहान मी कधी ऐकला नव्हता.

हे खूप वेळ पेनाचं टोपण लावत-काढत राहिले. मग म्हणाले, "रोज येतो."

आणि मग म्हणाले, "बरं झालं विचारलंस. मला कसं सांगायचं ते कळत नव्हतं. तुला दिवसभर त्याच लोकांचं काम. घरी पण तेच कशाला."

मी रडले. भांडलेही. म्हटलं, व्हॉल्व्हवर चिठ्ठ्या लावता, मला काय फक्त पाणी बंद करायला ठेवणार होता? ते पत्रासारखं काहीतरी लिहीत होते, तो कागद मी काढून घेतला आणि तसाच चिमणीला दिला. वाचला नाही. शूर आहे असं समजत होते स्वतःला, नाही.

साडेपाचला इस्पितळात पोहोचलो. फाटकापाशी हे थांबले. "नाव लिहू नको हं," म्हणाले, "पंपघरातली माणसं येतात इथे औषधाला." मी म्हटलं, नाही लिहीत. पिवळं कार्ड दिलं, एकसष्ट नंबर. डोळ्यांचे बाक रिकामे होते, तरी हे त्याच बाकावर जाऊन बसले, कडेला, कार्ड मुठीत धरून. मी खिडकीत नंबर लावला. तेव्हा मला कळलं की बाकावरून त्या दारापर्यंतची अकरा पावलं माणूस कशी चालतो.

चिमणी दीड तास बोलली. औषधं दिली, तीही तीन-तीन दिवसांचीच, आणि ठेवायची माझ्याजवळ. महिना तरी एकटं सोडायचं नाही. बाकीच्या दिवसांची मी रजा टाकली आहे. मंगळवारी-शुक्रवारी ह्यांना बरोबरच नेणार.

३० एप्रिल, मंगळवार

औषधाने लगेच काही होत नाही. चिमणीने आधीच सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं आणि रोज सकाळी चेहरा बघणं वेगळं. मी दर तासाला काही ना काही निमित्त काढून बघून येते. काल वैतागून म्हणाले, "दूध उतू जातंय का बघतेस तसं बघू नको." मी म्हटलं, बघणारच. दोघंही हसलो. हसले म्हणून लिहून ठेवते.

लेकीला सगळं सांगितलं. ती येतेय.

१४ मे, मंगळवार

मंडळाचं पत्र आलं. फेब्रुवारीपासून चौदा नंबरला दोनशे सात जण येऊन गेले हे आकडे "नावांअभावी पडताळता येत नाहीत." गुरुवारी तेवीस तारखेला बैठक. नावं सादर करा, नाहीतर निधी बंद.

म्हणजे माझीच शिस्त माझ्या तोंडावर फेकली.

चिमणी म्हणाली, नावं द्यायची नाहीत, खोली गेली तरी. मला माहीत आहे ते बरोबर आहे. पण खोली गेली तर पुढच्या शुक्रवारी ह्यांना कुठे नेऊ? सात तास बस, तीन महिने वाट? तीन महिने! फेब्रुवारीत मला ही खोली वाचवायची होती ती माझं नाक वर राहावं म्हणून. आता नाक गेलं चुलीत. मला माझा माणूस हवा आहे. आणि त्या बाकावरच्या प्रत्येकाच्या घरी कोणीतरी हेच म्हणत असेल.

२२ मे, बुधवार

संध्याकाळी ह्यांना विचारायचं की नाही यात भाजी करपली. शेवटी विचारलं. म्हटलं, उद्या मंडळापुढे एक तरी नाव ठेवलं तर काही होईल कदाचित. दुसऱ्याचं मागायचा मला हक्क नाही. तुमचं विचारतेय. नाही म्हणालात तर विषय संपला, करपलेली भाजी खाऊ.

हे म्हणाले, "विचारून सांगतो."

"कोणाला विचारून?"

"मलाच."

जेवले. पूर्ण जेवले, करपलेली असून. लेक म्हणाली, "बाबा, ही भाजी खाताय म्हणजे तुमची चव अजून आलेली नाही." बापलेक हसत होते आणि मी खोटं खोटं चिडले.

२३ मे, गुरुवार

सकाळी उठले तर टेबलावर केसपेपर. माझ्याच कामाच्या पिशवीतून कोरा काढून घेतलेला, ह्यांच्या टपोऱ्या अक्षरात. पूर्ण नाव. वय बासष्ट. पत्ता. कामधंदा: पंपचालक, निवृत्त. तक्रार: "जगावंसं वाटत नव्हतं. आता काही दिवशी वाटतं." आधीचे उपचार: नाहीत. सातवा रकाना रिकामा.

बैठकीत आठ माणसं आणि मधोमध अध्यक्ष. चिमणी बोलली, पण तिचा आवाज तिसऱ्या खुर्चीपर्यंतही जाईना. एक सभासद म्हणाले, "नंबर काय, कोणीही लिहील." माझ्या अंगाची लाही झाली. मी उठले. म्हटलं, "साहेब, एकतीस वर्षं मी नाव असल्याशिवाय माणसाला माणूस मानलं नाही. माझ्या एका हाकेने एक बाई या फाटकातून परत गेली. चार महिने लागले होते तिला आत यायला. दोनशे सहा नावं कपाटात आहेत आणि तिथेच राहतील. मला नोकरीवरून काढायचं तर काढा. दोनशे सातवं हे घ्या. त्यांनी आपल्या हाताने लिहून दिलंय."

अध्यक्षांनी कागद वाचला. मग माझं आडनाव आठवलं असावं, वर बघितलं. "हे तुमचे...?"

"माझेच."

अध्यक्ष पुन्हा कागदावर वाकले. जुन्या कारकुनांसारखीच त्यांचीही नजर शेवटच्या ओळीवर गेली. "यात 'कधीपासून' हा रकाना भरलेला नाही."

आणि मी, मी म्हटलं, "आज एवढं चालवून घ्या साहेब. उद्या भरून देते."

खोली राहिली. एक वर्ष, तेच दोन दिवस. तिसरा दिवस मागितला होता, तो नाही दिला. एक्स-रेचं मशीन दुसरीकडे जाणार. चिमणी बाहेर येऊन जिन्यावर बसून रडली, एवढीशी पोर.

घरी सांगितलं. लेकीने मला मिठी मारली. हे म्हणाले, "आणि सातवा रकाना?" म्हटलं, तुम्हीच सांगा, कधीपासून? हे म्हणाले, "दिवस आठवत नाही. वह्या असत्या तर सांगितला असता. ज्या दिवशी आकडा नाही, तो दिवस." वह्या रद्दीत गेल्या. मीच खाली नेल्या होत्या, दोन पिशव्या.

मग मला ही वही आठवली. शोधावं लागलं नाही, पहिलंच पान. ११ फेब्रुवारी, रविवार. तारीख आहे, वार आहे, सकाळचे सहा आहेत. आणि शेवटी माझ्याच अक्षरात, उद्गारचिन्हासकट: सुटले बाई एकदाची!

लपवणार होते. नाही लपवलं. वही ह्यांच्यापुढे ठेवली आणि बोट त्या ओळीवर ठेवलं. ह्यांनी चष्मा लावला, सगळं पान वाचलं, पुन्हा वरून वाचलं. मी म्हटलं, बोला, काय बोलायचं ते बोला.

हे म्हणाले, "त्या दिवशी दाब कमी नव्हता गं. चांगला होता. मी बघितला होता काटा. फक्त लिहायला हात उठला नाही."

मी पेन घेतलं आणि सातव्या रकान्यात तारीख लिहिली.